वापरण्यापूर्वी बाटली हलवा

ये, त्रीन. कोट खुंटीला लाव.
आज बर्फ आहे, पहिली बोट उशिरा लागेल,
तोवर कार्दलातलं कुणी फिरकणार नाही.
पहिल्या पानावर लिहून आणलं आहेस तू:
घन, द्रव, अर्धघन, वायू.
बरोबर आहे. परीक्षेत पैकीच्या पैकी.
आता वही मीट आणि या फडताळाकडे बघ.

हे नुसतं औषध.
नखाच्या टोकावर मावेल एवढी पांढरी भुकटी.
तशीच कुणाच्या तळहातावर ठेवली
तर शिंकेसरशी जाईल,
नाहीतर जीभ भाजेल,
नाहीतर पत्त्यावर पोचण्याआधी
जठराच्या आंबटात विरून जाईल.
म्हणून तिला अंग द्यायचं.
थोडी दुधातली साखर, थोडा स्टार्च,
धरून ठेवायला काही, सोडून द्यायला काही.
गोळी म्हणजे तेवढंच:
डबीत घट्ट राहायचं
आणि पोटात वेळेवर सुटायचं.
माणसांना दोन्ही जमत नाही.

ही तपकिरी लेपाची. जठरात तोंड उघडत नाही,
आतड्यात गेल्यावरच बोलते.
आणि ही बारा तास थोडी थोडी देणारी.
हिचे तुकडे करून मागतील, देऊ नकोस;
चुरलीस तर बारा तासांचं एका घोटात.
मलम कोरड्या कातडीला, क्रीम ओल्या जखमेला.
डोळ्यांच्या थेंबांवर उघडल्याची तारीख घाल,
पेन्सिलीने नको, पुसते.

दुसरी रीतही आहे वर्गीकरणाची. दारांवरून.
औषध कुठल्या दाराने आत जाणार?
तोंड, कातडी, डोळा, नाक, श्वास, शीर,
आणि मागचं दार. हसू नकोस.
बरं, हस.
एंडेल कोळ्याला तापासाठी बत्ती दिली होती मी,
त्याने चंदेरी कागद सोलून चावून खाल्ली.
दुसऱ्या दिवशी येऊन म्हणाला,
मेणबत्तीसारखी लागते, पण ताप उतरला.
दार चुकलं होतं. नशीब बरं होतं.

ती दारं मी पाठ केली होती तार्तूला, विसाव्या वर्षी.
समजली मात्र घरी.
ऑक्टोबरात उर्मास गोळ्या घ्यायचा,
सकाळी एक, रात्री एक, कॉफीबरोबर.
नाताळात गिळता येईना. मग पातळ औषध,
काचेच्या पिचकारीने गालाच्या आत,
तेही ओघळायचं उशीवर.
मग बत्ती. पंचेचाळीस वर्षांच्या संसारात
आम्ही एकमेकांसमोर एवढे कधी लाजलो नव्हतो.
तो भिंतीकडे तोंड करून म्हणाला,
एंडेलला सांगू नकोस.
शेवटी पोटाच्या कातडीखाली बारीक सुई.
औषध तेच होतं. पहिल्या दिवसापासून तेच.
एकेक दार लागत गेलं
आणि मी पुढचं रूप घेऊन
पुढच्या दाराशी उभी राहिले.
सुईनंतर पुस्तकात काही नाही.
मी पाहिलं.

ऐकलास भोंगा? बोट लागली.
ती येतेय, मुलाला पोटाशी धरून,
त्याच्या कानातल्या दुखण्याचं लिहून आणलं असेल.
ती बाटली काढ, वरून तिसरी. कोरडी भुकटी आहे,
उकळून गार केलेलं पाणी रेषेपर्यंत, एक थेंब वर नाही.
आता तिला सांग, आणि सांगताना तिच्याकडे बघ:
थंड जागी ठेवा. सगळं संपवा, मूल हसायला लागलं तरी.
आणि हे फक्त सांगू नकोस, करून दाखव.
तळाशी बसलंय, दिसतं?
असंच दिलं तर पहिल्या चमच्यात नुसतं पाणी
आणि शेवटच्यात सगळंच.
हलव.
अजून.
थांबू नकोस, तळ अजून पांढरा आहे.