नव्याचे नऊ

जूनमध्ये मैदानावर कुणी नसतं.
गवताला पाणी घालणारा झेफेरीनू असतो,
आणि मी, धुण्याच्या खोलीत,
सार्डिनच्या कारखान्याचा वास खिडकीतून आत घेत
नऊ नंबरच्या पाठीवरून एक आडनाव उतरवत.

आधी वाफेची इस्त्री. मग नखानं कड उचलायची,
मग हळू ओढायचं; घाई केली तर कापड जातं.
पहिलं अक्षर हट्टी असतं.
शेवटची सहज सुटतात,
त्यांनाही गाव सोडायचंच होतं जणू.

गेल्या साली कारापिन्या होता.
त्याआधी बोस्नियाचा हाजिमुस्तफिच,
त्याचं नाव पाठीवर मावेना,
म्हणून दोन अक्षरं मी काखेपर्यंत नेली.
त्याआधी मिंदेलोहून आलेला ओर्लांदिनू,
जो थंडीत रडायचा आणि सांगायचा, डोळ्यांत वारा गेला.
अकरा वर्षांत आठ नावं.
जर्सी तीच.
नवी घ्यायला क्लबकडे पैसे नाहीत,
पैसे नावांवर जातात.

ऑगस्टात सेन्योर अबीलियू
नव्या पोराच्या खांद्यावर हात ठेवून फोटो काढतात.
मग बेकरीत, न्हाव्याकडे, धक्क्यावर जाळी विणताना
एकच गणित:
हा बारा गोल मारणार,
म्हणजे आपण सोळाव्यावरून नववे.
खोटं कशाला बोलू,
दर ऑगस्टात मीही ते गणित करते
आणि दर वेळी उत्तर बरोबर येतं.

ऑक्टोबरात चिखल सुरू होतो.
मी सामना बघत नाही.
टोपली उलटी केली की कळतं
कोण पडलं, कोण पडल्यासारखं पडलं,
कोण नव्वद मिनिटं कोरडा उभा होता
चेंडूची वाट बघत.
नऊ नंबर बहुधा स्वच्छच येतो.
पूर्वी मला त्याचा राग यायचा.
मग लक्षात आलं, सहा आणि आठही स्वच्छ येतात,
चेंडू मधून पुढे जातच नाही;
आणि दोन नंबर, आमचा म्हातारा वाल्देमार,
कॉलरपासून मोज्यांपर्यंत लडबडलेला,
त्याला साबण दोनदा लागतो.

हे मी एकदा सेन्योर अबीलियूंच्या कानावर घातलं.
ते म्हणाले, लुदोविना,
चेंडू पुढे देणाऱ्याचा फोटो कोण छापतं?

यंदाचा जुसिनाल्दु. मारान्याओचा, दात थोडे पुढे.
तेरा गोल मारले त्यानं. तेरा!
आम्ही सतरावे आलो.
न्हावी अजून बोटं मोजतोय.

मार्चमधल्या एका रात्री, चार-तीन हरून,
तो जर्सी हातात घेऊन खोलीत आला.
म्हणाला, माझ्या नावाखाली काहीतरी लिहिलंय.

दिव्यासमोर धरली.
डिंक निघतो, त्याची सावली निघत नाही.
अक्षरांच्या पोटात अक्षरं,
एकाच्या पाठीवर दुसऱ्याचं हाड.
मी एकेक नाव वाचून दाखवलं,
जशी दफनभूमीत आईनं मला दाखवली होती.

त्यानं विचारलं, यांतला चांगला कोण होता?

सगळेच, म्हटलं. बाळा, सगळेच चांगले होते.

तो बराच वेळ काही बोलला नाही.
मग टोपलीतली दोन नंबरची जर्सी ओढून घेतली
आणि तिच्यावरचा वाळलेला चिखल
नखानं खरवडत बसला, उगीच,
मशीन थांबेपर्यंत.

आता जून आहे.
काल ऑफिसातून चिठ्ठी आली: नवं नाव, नऊ अक्षरं,
दोन आमच्याकडे शिल्लक नाहीत, मागवावी लागतील.
वाल्देमारच्या गुडघ्याबद्दल चिठ्ठीत काही नव्हतं.
इस्त्री तापलीय.
जुसिनाल्दुचं पहिलं अक्षर सुटत नाहीये,
आणि मीही फार ओढत नाहीये.
गणित अजून केलेलं नाही.
ऑगस्टला वेळ आहे.