टावेलाखाली

वही जुनी, बँकेच्या कॅलेंडरसोबत फुकट आलेली.
पहिल्या पानावर दुधाचा हिशेब,
दुसऱ्यापासून इटालियन.
रोज रात्री साडेआठला, भांडी पालथी पडल्यावर
मी शिकवते, म्हणजे मोबाइलमधली बाई बोलते
आणि मी तिला देवनागरीत उतरवून घेते:
ग्रात्सिये. पेर्मेस्सो. दोवे इल बान्यो.
शेवटचं, संडास कुठंय, अप्पांनी एका दमात पाठ केलं.
साखर आहे त्यांना, गरज ओळखतात.

संगमेशची सासुरवाडी पादोवाजवळ.
लग्न मोबाइलवर पाहिलं, आता माणसं पाहायची.
व्याह्यांना इंग्रजी येत नाही,
आम्हाला तरी कुठं येतं धड.
भावजयीचं नाव लुचिया.
आई म्हणते, चांगल्या घरच्या पोरीला
लुच्ची कशी म्हणू गं चारचौघात?
आणि आल्यावर चाव, निघताना चाव.
अप्पा विचारतात, कामून? काय केलंय त्येनी?
त्यापरीस शरणार्थ म्हणतो, हात जोडतो,
कळतंय की.

मग हातवारे आले.
पाचही बोटांची टोकं जुळवून मनगट हलवायचं,
म्हणजे: काय म्हणायचंय काय तुला?
आईची जुळलेली बोटं आपोआप
समोरच्याच्या तोंडाकडे जातात.
जन्मभर त्या चिमटीनं तिनं घास भरवले,
प्रश्न नाही विचारले.
गालात बोट रुतवून फिरवलं की जेवण झकास.
हे तिला पटलं. निनाद भाकरी खाता खाता करून दाखवतो
आणि ती त्याची दृष्ट काढते,
कानशिलावर बोटं कडाकडा मोडून.
ह्याला त्यांच्यात काय म्हणतात, लिही की.
मी शोधते. सापडत नाही.

अप्पा सगळं बघून गप्प.
चाळीस वर्षं हाळी-हंडरगुळीच्या बाजारात दलाली केली,
देवणी बैलाचं वय दात न बघता सांगायचे,
आणि भाव नेहमी टावेलाखाली.
वर चेहरे कोरडे, पाऊसपाण्याच्या गप्पा,
खाली बोटांत बोटं,
पाचशेवर अडलेलं, दोनशेवर तुटलेलं.
क्वान्तो कोस्ता, मी म्हटलं, म्हणजे कितीला?
असं उघड्यावर इचारायचं? सगळ्या बाजारासमोर?
झाकून बोलणाऱ्या बोटांना
मला उधळून बोलणाऱ्या बोटांच्या मुलखात न्यायचंय.

एका रात्री उदगीरची लाइट गेली.
अंधारात अप्पांचा आवाज:
व्याह्याला काय म्हणतात त्यांच्यात?
इंग्रजीत तर सरळ शब्दच नाही, मी म्हटलं,
उगाच मोबाइलच्या उजेडात शोधलं.
कोन्स्वोचेरो.
अप्पा बाजेवर उठून बसले.
शब्द हाय म्हणजे नातं हाय.
कोन्स्वोचेरो, कोन्स्वोचेरो,
रवंथ करावं तसं लाइट येईपर्यंत घोळवलं.

आता बॅग भरतेय. गोळ्या, शेंगदाण्याची चटणी,
आईचं इरकल,
आणि सगळ्यांत वर धुऊन घडी घातलेला टावेल.
तिथं मिळतात, अप्पा.
ह्यो पुसायचा नाही, म्हणाले.
जवळ बसलो की त्यांचा हात घेईन खाली.
अहो पण भाव कशाचा करणार?
भाव कशाचा. पोरगं तर देऊन बसलोय.
मग बोलणार काय?

अप्पांनी आईचा हात ओढला, वर टावेल टाकला.
खाली काहीतरी हललं.
काहीतरीच तुमचं, आई म्हणाली,
आणि हात सोडवून घ्यायचा राहिला.

मी वहीत नवी ओळ आखली,
डावीकडे मराठी, उजवीकडे इटालियन.
दोन्हीकडे काय लिहावं, सुचेना.
निनाद जांभई देत म्हणाला, बुओनानोत्ते.
पहाटे चारला टँकर यायचा होता.