पाठमोरा

सिनेमात चेहरा त्याचा, पाठ माझी.
पुलावरून उडी, काचेतून आरपार,
उधळलेल्या बैलाच्या वशिंडाला मिठी –
कॅमेरा लांब गेला की मी,
जवळ आला की तो.
बावीस वर्षं आम्ही एकच माणूस
दोघांत पुरवून पुरवून वापरला.

तो मूळचा अरुप्पुकोट्टैचा करुप्पैया,
सूतगिरणीत बॉबिनी बदलणारा.
इळंपरिती हे नाव निर्मात्याच्या ज्योतिषानं काढलं.
कोवळा सूर्य म्हणे.
मला कुणी दुसरं नाव दिलं नाही, मी सुडलैमुत्तूच.
हजेरीच्या वहीत तेवढंही नाही:
'उंच डुप्लिकेट, रोजावर.'

पांबनच्या खाडीत माझा गुडघा फुटला
तेव्हा तो स्वतः आला रामनाथपुरमच्या इस्पितळात
ताडगोळे घेऊन.
खाटेवर बसला, सोलून एकेक भरवला,
मग हळूच विचारलं,
"पडताना काय वाटतं रे?"
मी सांगितलं, पोट वरच राहतं, माणूस खाली जातो.

मदुरैच्या पहिल्या सभेत
तेच त्यानं सांगितलं, घसा भरून आलेला:
"पोट वर राहिलं, मी खाली गेलो, तुमच्यासाठी!"
लोक रडले.
मीही रडलो, खोटं कशाला बोलू.
पडलो मी होतो, पण पडणं सांगावं त्यानंच.

निवडणुकीत गावं फार आणि रात्री थोड्या,
म्हणून दुसरी व्हॅन निघाली.
मला काळा चष्मा, पांढरी वेष्टी, पक्षाच्या काठाचं उपरणं.
बोलायचं नाही. दिवे मंद. हात वर.

विळात्तिकुळमच्या अलीकडे, पहाटे तीनला
एक म्हातारी व्हॅनला आडवी आली.
(गावाच्या नावातच कुळम, म्हणजे तळं.)
खिडकीतून तिनं मनगट धरलं माझं.
मिठागरात तडकलेला, करवतीसारखा हात.
"राजा, तळं गाळानं भरलंय.
पोरी तीन मैलांवरून घागरी आणतात.
तू त्या सिनेमात एका रात्रीत विहीर खणलीस ना?"

ती मीच खणली होती.
फावडं खरं होतं, पाणी टँकरचं.
बोलायची मनाई. मी मान डोलावली.
तिच्या बोटांचा चुना
दोन गावं पुढेपर्यंत मनगटावर होता.

तो मुख्यमंत्री झाला.
अकरा दिवस खेटे घातल्यावर भेटला,
आरशासमोर मेकअप उतरवताना.
आता तो तिथंही लागायचा.
तळ्याचं सांगितलं.
"तू मान डोलावलीस?"
"हो."
"म्हणजे मीच डोलावली."
कापूस बराच वेळ एकाच गालावर फिरत राहिला.
"माझ्या नावावर अजून काय काय कबूल करून आलायस?"
मी गावं मोजायला लागलो.
सत्तेचाळीसला त्यानं पुरे म्हटलं.

तळी खणली गेली. एकोणीस.
कंत्राटं मेव्हण्याची, सिमेंट जावयाचं,
मी काही आंधळा नव्हतो.
पण पाणी होतं. मी ओंजळीनं पिऊन पाहिलंय.
उरलेल्या गावांवरून बस जाते
तेव्हा मी दुसऱ्या बाजूच्या खिडकीतून बघतो.

तो गेला तेव्हा रांग साडेचार मैलांची.
रस्त्याच्या कडेला पोरं मुंडण करून घेत होती,
न्हावी पैसे घेत नव्हते.
चेहऱ्यावरून मला कुणी ओळखलं नाही,
ओळखणार तरी कसं.
मागून मात्र कुणी तरी दचकून हाक मारली,
"तलैवरे!"

तंबू टॉकीजचा जुना ऑपरेटर असेल,
नाही तर कुणी वेडा.
मी वळलो नाही.
गुडघा ठणकत होता.
हात थोडासा वर केला,
मंद दिव्यात करायचो तसा,
आणि रांगेबरोबर एक पाऊल पुढे सरकलो.