शिडी बाबरांकडे

शिडी कुणाची, हे गल्लीत कुणालाच नीट सांगता येत नाही.
कासम वायरमननं आणली, असं इराप्पा कोष्टी म्हणतो.
कासमची पोरं म्हणतात, अब्बांच्या आधीपासनं हाय.
असते मात्र माझ्या बोळात, भिंतीला टेकून,
वर पत्रा आहे, भिजत नाही,
आणि मी एकटी, अडचण कुणाची होणार.

अकरा पायऱ्या.
तिसरी बाभळीची, बहुधा मूळची.
पाचवी कलगोंडा मगदूमनं बसवली, द्राक्षाच्या मांडवाचा बांबू,
तारेचा वळ अजून अंगावर.
सातवी म्हणजे नलूच्या बाळंतपणातल्या बाजेचा खूर.
नववी लोखंडी पाइप,
पाय पडला की ती वेगळ्याच आवाजात बोलते.
हिच्यावरून अजून कुणी पडलं नाही.
रशीद पडला होता, पण तो आंब्यावरून.

महापुराच्या साली
आयर्विनवर पाणी किती, हे विचारायचंच आम्ही सोडलं,
तेव्हा हिच्यावरून उतरलो, खिडकीतून बोटीत, एकेक जण.
नलूची सासू पाठमोरी, देवघराकडे तोंड करून.
पाणी ओसरलं. गाद्या गेल्या, फ्रीज गेले,
रेशनकार्डं दोरीवर वाळत घातली.
शिडी तीन घरं पुढं गटारीत आडवी सापडली.
आधी तिला धुतली. मग घरं.

सव्वीस वर्षं मी टेलिफोन एक्स्चेंजला होते.
दुसऱ्यांचे नंबर जोडायचे,
'बोला' म्हणायचं, आणि बाजूला व्हायचं.
रिटायर झाल्यावर दिवसदिवस कडी वाजायची नाही.
वाजलीच तर,
"आत्या, शिडी हाय का वो?"
हाय की. ने.
मग भिंतीवर खडूनं: शिडी मगदूम, संध्याकाळी देतो म्हणाला.
कोण टाकी धुतंय, कुणाच्या दारी तोरण चढतंय,
कुणाच्या माळ्यावर मांजर व्यालीय,
सगळं मला उभ्या उभ्या कळायचं.
देताना बरं वाटायचं.
देणाऱ्याचा हात वर असतो ना.

गेल्या कार्तिकात बोळातलाच बल्ब गेला.
खडूचं वाचायला बॅटरी घ्यावी लागली: शिडी बाबरांकडे.
चार घरं फक्त.
चप्पल घातली. काढली.
म्हटलं, आणून देतील उद्या.
दोन रात्री भिंत चाचपत आले-गेले.
पुतण्या फोनवर म्हणाला, पाठवतो अॅल्युमिनियमची, घडीची,
परवा दारात. कुणाकडे मागायला नको.
फोन ठेवल्यावर
'कुणाकडे मागायला नको' मी पुन्हा एकदा मोठ्यानं म्हणून बघितलं.
घरात घुमलं.

तिसऱ्या दिवशी बाबरांच्या दारात उभी राहिले.
शेवंता कणीक मळत होती, मनगटापर्यंत पीठ.
"शिडी..." म्हटलं, आणि पुढचं आलंच नाही.
इतकी वर्षं 'ने' म्हणत आले,
'दे' कसं म्हणतात ते जिभेला ठाऊकच नव्हतं.
"अगं बया, तुमचीच की वो!"
"माझी नाही गं."
"बरं, नसू दे. चला, मी धरते."

अडुसष्टाव्या वर्षी चढले. पाचवीपर्यंत.
होल्डरमध्ये कोळ्याचं घर.
खालून शेवंता तिच्या नणंदेचं काहीतरी सांगत होती,
मी हूं हूं करत होते,
लाइन चालू होती आणि मी बाजूला झाले नव्हते.

उजेड पडला तेव्हा दिसलं,
शिडीच्या दोन्ही बाजूंना पिठाची दहा बोटं.
पुसली नाहीत. आपोआप गेली.

अॅल्युमिनियमची आली तशी परत पाठवली.
कारण विचारलं होतं, चार पर्याय दिलेले.
माझं त्यात नव्हतं.
'साइज चुकीचा' वर बोट ठेवलं.

आज भिंतीवर लिहिलंय: इराप्पाकडे.
संध्याकाळी जाईन मागायला.
माळ्यावर काय आहे ते बघायचंय.
काही नसलं तरी.