घाणा नंबर एकशे सतरा

वकीलबाईंच्या फायलीत प्रश्न एकच आहे,
पिवळ्या पट्टीने रंगवलेला :
या धंद्यातल्या जाणत्या माणसाला
हे मिश्रण सहज सुचलं असतं का?

तांबं, कथील, लोखंडाचा चुरा, ग्राफाइट,
आणि मँगनीज, एक पूर्णांक आठ टक्के.
अर्जदार दौलत गांगुर्डे, अंबड, भट्टीवरचा माणूस.
त्याचं ब्रेकपॅड लाल होईस्तो तापलं
तरी चाक सोडत नाही.

विरोधकांनी एक जुना जर्मन कागद जोडलाय.
त्यात मँगनीज 'एक ते पाच'.
एक पूर्णांक आठ त्यातच आलं की, म्हणतात,
हातच्या काकणाला आरसा कशाला?

आलं ना.
पंचवटीत राहतो एवढंच सांगितलं
तर माणूस सापडतो का?

परवा घाटावर गेलो होतो. पाणी ओसरलेलं.
दुतोंड्या मारुतीच्या पायाशी गाळ वाळत होता
आणि खालच्या पायऱ्या उघड्या पडलेल्या.
आता कुणीही बोट दाखवेल, पायरी इथेच होती.
पाणी मारुतीच्या छातीला लागलेलं असताना
ज्याने पाऊल टाकलं, त्याला विचारा.

हे काही मला अभिप्रायात लिहिता येणार नाही.
तिथे लागतात आलेख, चाचण्या, अंश.
तेही आहेत. साडेचारशेच्या पुढे
बाकीच्यांची पकड ढासळते, याची नाही.
कसारा घाटात गांगुर्डेने भरलेला टेम्पो सोडला, तीनदा,
आणि खाली उतरून चाकाला नाक लावलं.
जळका वास नव्हता.

पण काल रात्री मी माळ्यावरची डायरी काढली.
मार्च ब्याण्णव, सातपूर, दुसरी पाळी.
घाणा नंबर एकशे सतरा.
मँगनीज, वजनातल्या चुकीने, एक पूर्णांक नऊ.
पुढे माझ्याच अक्षरात शेरा :
फार कडक. भंगारात.

कायदा ज्याला जाणता माणूस म्हणतो
तो कुठे राहतो, मला ठाऊक आहे.
त्याच्या दारावर माझ्या नावाची पाटी आहे.
काकण हातात होतं, आरसाही समोर होता,
आणि त्याने
तापवूनसुद्धा पाहिलं नाही.

फी विरोधकांची. चेक फायलीला टाचलेला.
मी टाचणी काढतो, चेक बाजूला ठेवतो,
पिवळ्या पट्टीखाली लिहितो : नाही.

पुरावा म्हणून सोबत जोडतो
डायरीचं ते पान,
काजळीच्या अंगठ्यासकट.