एक, तीन, चार, दोन

धावताना कसली म्हणून तक्रार नाही.
पीच स्ट्रीटच्या लाल दिव्याशी थांबले
की भरते हुडहुडी:
कपातली कॉफी, आरशाला अडकवलेला पार्किंगचा पास,
माझी डावीकडची दाढ
सगळं वेगवेगळं थरथरतं.
चार ठोके पडायला हवेत,
पडतात साडेतीन.

गॅरेजवाल्याने यंत्र जोडलं, आकडा वाचला.
तिसरा सिलिंडर.
कॉइल बदला, प्लग बदला, मग बघू.
साडेचारशे डॉलर, वर टॅक्स.
गाडी घेतली बाराशेला,
शिकून परत निघालेल्या एका मुलाकडून, गादीसकट.
"मग बघू" याचे पैसे मी देत नाही.
प्लॅस्टिकच्या कारखान्यात हिशेब तपासते मी.

शेजारच्या डोलोरेस पिओत्रोव्स्की, वय एक्क्याऐंशी,
नवऱ्याची पेटी बर्फातून फरफटत घेऊन आल्या.
तो आयुष्यभर रेल्वेची इंजिनं जोडायचा.
प्रत्येक पान्यावर त्याच्या अक्षरातली पट्टी.
सुनेत्रा त्यांच्या तोंडात मावत नाही,
म्हणून त्या मला नुसतं 'सून' म्हणतात.
अर्थ मी अजून सांगितलेला नाही.

"आधी अदलाबदल कर, सून.
तिसऱ्याची कॉइल पहिल्याला, पहिल्याची तिसऱ्याला.
दुखणं तिच्याबरोबर गेलं तर ती चोर.
नाही गेलं तर तिची माफी माग."
दुखणं हललं नाही.
मी खरंच माफी मागितली, मराठीत.
आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी;
आणि बंब साडेचारशेचा.

मग त्यांनी बॉनेटवर बोटं वाजवून दाखवली:
ठिणगी अशी पडते. एक, तीन, चार, दोन.
पुन्हा. एक, तीन, चार, दोन.
दुसरीत असं मोजलं असतं
तर भागवतबाईंनी पट्टीने हात सुजवला असता.
इथे मात्र हेच बरोबर,
आणि या मोजणीत तीन म्हणताना
इंजिन आवंढा गिळतं.

बाईंनी कानातलं यंत्र काढून खिशात टाकलं,
हातभर रबरी नळी घेतली, एक टोक कानात,
दुसरं फिरवत राहिल्या इंजिनावर,
डॉक्टरपेक्षा सावकाश.
"इथे. ऐक."
स्स्स...
ठेचा जिभेला लागल्यावर होतं ना, तसं.
मी तिथे फवारा मारला, थोडासाच.
महिनाभर माशीसारखी भिरभिरणारी सुई
गपकन जागेवर बसली.
फवारा थांबला, पुन्हा माशी.

लिपस्टिकच्या डबीतला आरसा खाली धरला तेव्हा दिसली:
तिसऱ्याच्या वाटेवरच्या नळीला चीर,
नखावरच्या चंद्रकोरीएवढी.
इंजिन मोजून हवा घेतं
आणि हवा बघून पेट्रोल देतं.
ही हवा मागच्या दाराने आलेली,
पावती नाही, नोंद नाही.
एवढं मला कुणी समजावायला नको;
अकरा सेंटच्या फरकापायी
मार्चमध्ये दोन रात्री जागले आहे मी.

नळी नऊ डॉलर, दोन क्लिपा धरून.
बोटं बधिर, क्लिप तीनदा बर्फात पडली.
तिसऱ्यांदा मी जे बोलले
तेही बाईंना बहुतेक कळलं.
त्यांनी बॅटरी धरली होती, हात जराही न हलवता.
"वॉल्टरला एक मिनिट लागलं असतं," म्हणाल्या,
"आणि मग तासभर सांगत बसला असता."

सोमवारी पीच स्ट्रीट, लाल दिवा.
कॉफी स्थिर.
आवाज नाही, दाढ नाही, काहीच नाही.
बंद पडली!
घाईने किल्ली फिरवली,
आणि चालू गाडीने असे कर्कश दात खाल्ले
की पलीकडच्या बसमधली माणसं वळली.
मागच्या ट्रकचा हॉर्न.
दिवा केव्हाच हिरवा झाला होता.

पेटी अजून माझ्या डिकीत आहे.
बाई मागत नाहीत.
वळणावर पाने एकमेकांवर आपटतात
आणि मी उगीच मोजते.