विस्तव

फेब्रुवारी सरता सरता ट्रक झावखानला लागला.
चाळीस गासड्या गवत, आणि माझ्या खिशात
पशुवैद्यकीचा कोरा करकरीत दाखला.
झुड पडून तेव्हा बारा आठवडे झाले होते :
बर्फावर बर्फ, मधे काचेचा थर,
खूर आपटून आपटून मेंढ्यांचे पाय सोललेले.
त्सेवेलमाच्या गेरमागे
मेलेल्यांची चळत, सरपणासारखी नीट रचलेली.

मी म्हटलं, आई, गवत आलंय, घाला.
तिनं माझ्याकडे पाहिलं,
विझलेल्या चुलीत ओंडका कोंबणाऱ्याकडे पाहावं तसं.
"थोरल्यानं घातलं परवा," ती म्हणाली.
"पोटभर खाल्लं. भरल्या पोटी मेल्या."

मग तिनं मला ते सांगितलं
जे मी उलानबातरला पाच वर्षं घोकून पास झालो होतो.

मेंढी गवत खात नाही रे.
मेंढी गवत वाढते.
आत पहिला कोठा, कातडी बुधल्यासारखा,
अंधारा, ऊबदार, सतत ढवळणारा.
त्यात डोळ्यांना न दिसणारी बिऱ्हाडं,
आईकडून, कळपाकडून, चाटण्यातून आलेली.
गवताची गाठ तिला सुटत नाही, त्यांना सुटते.
ती आंबवतात, फसफसवतात,
त्यांच्या त्या खटाटोपावर तिचं अंग गरम राहतं.
रात्री ती घास पुन्हा वर बोलावते,
बारीक करून पुन्हा खाली धाडते.
रवंथ म्हणजे आराम वाटतो तुम्हा शहरातल्यांना.
ती पाहुण्यांसाठी दळत असते.

"आणि शेवटी?" मी विचारलं, उत्तर ठाऊक असून.
त्सेवेलमा हसली. दात दोनच.
शेवटी पाहुणेच वाहत जातात पुढे,
मधमाशीच्या पोळ्यासारख्या कप्प्यावरून,
पोथीच्या पानांमधून पिळून निघत,
चौथ्या कोठ्यात, जो तुझ्यामाझ्यासारखाच आंबट,
आणि तिथं ती त्यांना खाते.
कपट नाही यात. रोज नवे जन्मतात.

पण उपाशी मेंढीत ती मंडळी उरली नाहीत आता.
तू वाढणार कुणाला?

न्यामसांबू राहायचा टेकडीपलीकडे, नऊ किलोमीटर.
विहिरीवरून त्यांचं दोन वर्षं बोलणं बंद.
त्याच्या मेंढ्या दक्षिण उतारावर होत्या, खात होत्या.
"तू जा," ती म्हणाली. "मागायला मी येणार नाही."
बॅगेत नळी होती, परीक्षेनंतर कधीच न वापरलेली.

मी काय मागतोय ते ऐकून तो काही बोलला नाही.
सगळ्यात धष्टपुष्ट मेंढीचं डोकं
त्यानं दोन्ही गुडघ्यांत धरलं.
नळीतून हिरवट, कोमट, फेसाळ पाणी आलं,
शिळ्या आंबिलीचा वास, वर गोठ्याचा.
थर्मासमध्ये भरलं. झाकण लावलं.
थर्मास मी अंगरख्याच्या आत, छातीशी धरला
आणि घोड्यावर असा बसलो
जसं कुणी शेजारून विस्तव मागून नेतंय,
वारा लागू नये म्हणून ओणवं होऊन.

अकरा मेंढ्यांना पाजलं. गवत मात्र चिमूटभर.
दुसऱ्या दिवशी मूठभर.
चार गेल्या, त्यातली एक
फाटक्या कानाची, तिला त्सेवेलमा नावानं हाक मारायची.
दोघींचं अजून सांगता येत नव्हतं.

तिसऱ्या रात्री मी बाहेर गेलो, उणे एकतीस,
आणि कुडापाशी ऐकलं :
एक ढेकर.
मग जबडा, आडवा, सावकाश, पुन्हा आडवा.
विजेरी लावली नाही मी.
किती जणी होत्या ते मोजलंही नाही.

सकाळी त्सेवेलमानं थर्मास राखेनं तीनदा घासला,
त्यात मीठ घातलेला दुधाचा चहा ओतला
आणि म्हणाली, हा त्याला नेऊन दे.
वाटेत मीही घोटभर प्यालो.
वास गेला नव्हता.